ग्रामसभेचे संकेतस्थळ, ग्रामसभेच्या हाती

उन्हाळ्याच्या तोंडावर गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातल्या अनेक ग्रामसभांपुढे एक महत्त्वाचे काम असते: तेंदूपत्त्याच्या लिलावाची सूचना काढणे. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, आपल्या हद्दीत अंदाजे किती गोण्या निघतील, लिलाव कुठे, केव्हा आणि कोणत्या अटींवर, हे सगळे त्या सूचनेत लिहावे लागते. ती जितक्या खरेदीदारांपर्यंत पोहोचेल तितका भाव चढायला वाव. पण वर्तमानपत्रातली जाहिरात खर्चिक आणि एका दिवसापुरती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेला कागद गावाबाहेर कुणाला दिसत नाही. व्हॉट्सॲपवरचा फोटो दोन दिवसांत खाली जातो, आणि त्यातली तारीख कुणी बदलली तर खरी प्रत कोणती हे ठरवायला काही साधन उरत नाही.

सूचनेची खरी प्रत कायम एकाच पत्त्यावर हवी, ती कुणालाही केव्हाही वाचता यावी आणि ती बदलण्याचा अधिकार ग्रामसभेने नेमलेल्या माणसांकडेच असावा. ही गरज स्वतःचे संकेतस्थळ भागवू शकते. ते उभे करण्याची साधने फुकट आहेत, खुली आहेत आणि संगणकाची बऱ्यापैकी ओळख असलेल्या कुठल्याही पदवीधराला शिकता येण्याजोगी आहेत. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर वर्डप्रेस कसे उभे करायचे आणि ते करताना आपल्या भागाच्या दृष्टीने कुठे लक्ष घालायचे, ते या लेखात पाहू. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. सॉफ्टवेअर चढवणे हा या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. संकेतस्थळ टिकते की बंद पडते हे ठरते त्याच्या मालकीवर आणि देखभालीवर.

आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणजे काय

पूर्वी संकेतस्थळाचे प्रत्येक पान हाताने लिहून सर्व्हरवर चढवावे लागे. एक तारीख बदलायची तरी ते जाणणारा माणूस शोधावा लागे. आशय व्यवस्थापन प्रणालीने, म्हणजे सीएमएसने, मजकूर आणि मांडणी यांची फारकत केली. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, मांडणी ‘थीम’मध्ये राहते आणि वाचक पान मागतो तेव्हा दोन्ही एकत्र येऊन पान तयार होते. त्यामुळे लिहिणाऱ्याला संगणकाची भाषा येण्याची गरज उरत नाही. तो ब्राउझरमध्ये लॉगिन करतो, मराठीत लिहितो आणि ‘प्रकाशित करा’ म्हणतो.

याचे उदाहरण या दोन जिल्ह्यांतच आहे. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस३वास’ या सेवेवर चालतात. चंद्रपूरच्या संकेतस्थळाने जिल्ह्याचे जुने नाव, चांदा, आपल्या पत्त्यात आजही जपले आहे. देशभरच्या जिल्ह्यांना या सेवेने एकसारखी चौकट दिली आहे: जिल्ह्याविषयी, सूचना, निविदा, भरती, पर्यटन, दोन भाषा. सर्व्हर, सुरक्षा आणि चौकट केंद्रीय पातळीवर सांभाळली जाते, मजकूर जिल्ह्यातले कर्मचारी भरतात. ग्रामसभेला ही सोय मिळत नाही, पण या रचनेतला धडा घेता येतो. यंत्र सांभाळणारा वेगळा, मजकूर भरणारा वेगळा, आणि दोघांच्या जबाबदाऱ्या आधीच ठरलेल्या.

खुल्या प्रणालींमध्ये ड्रुपल २००१ पासून, वर्डप्रेस २००३ पासून आणि जूमला २००५ पासून आहे. मोठ्या, गुंतागुंतीच्या कामाला ड्रुपल चांगले. गावाच्या कामाला वर्डप्रेस पुरते. जगातल्या संकेतस्थळांपैकी ४० टक्क्यांहून अधिक त्यावर चालतात, त्याचे व्यवस्थापनाचे पडदे मराठीत मिळतात आणि अडले तर सांगणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणीही सापडू शकतो. शिवाय वर्डप्रेस आणि लिनक्स दोन्ही जीपीएल या परवान्याखाली आहेत. ती वापरायला, बदलायला आणि दुसऱ्याला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. एका ग्रामसभेने घातलेली घडी शेजारच्या गावाला जशीच्या तशी देता येते.

सर्व्हर कुठे ठेवायचा

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाचा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो, ही बातमी पावसाळ्यात वर्षानुवर्षे येत आली आहे. अशा ठिकाणी गावातल्या खोलीत सर्व्हर ठेवला तर वीज किंवा तार गेली की संकेतस्थळही गेले. म्हणून मुख्य सर्व्हर शहरातल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्यावा. तिथे एका मोठ्या यंत्राचे अनेक आभासी भाग केलेले असतात आणि त्यातला एक आपल्याला मिळतो. त्याला व्हीपीएस म्हणतात. एक गिगाबाइट मेमरी आणि वीस-पंचवीस गिगाबाइट जागा गावाच्या संकेतस्थळाला पुरते. मेमरी कमी असल्यामुळे डिस्कवर थोडी ‘स्वॅप’ची जागा आधीच राखून ठेवावी. नाहीतर मेमरी संपली की लिनक्स सर्वांत जास्त मेमरी खाणारा कार्यक्रम बंद पाडतो. बहुतेक वेळा तो डेटाबेसच असतो, आणि मग वाचकाला ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ एवढेच दिसते.

लिनक्सच्या वितरणांपैकी डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ पाठबळाची आवृत्ती घ्यावी. उबुंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या २४.०४ या आवृत्तीला २०२९ पर्यंत पाठबळ आहे. पाच वर्षे यंत्राला मोठा हात लावावा लागत नाही, ही सोय ग्रामसभेच्या दृष्टीने मोलाची आहे.

चार थर

तेंदूच्या फडीवर, म्हणजे पुडे जमा होतात त्या जागी, काय होते ते आठवा. एक जण दाराशी उभा राहून आलेल्याला रांगेत घेतो, फडीमुन्शी पुडे मोजून हिशेब करतो, वहीत नोंद होते, आणि हे सगळे ज्या आवारात चालते तिथे कुणाला कुठवर जाता येईल याचे नियम असतात. वर्डप्रेसचा सर्व्हर याच धर्तीवर चालतो. आवार म्हणजे लिनक्स, दाराशी उभा असलेला म्हणजे अपाची हा वेब सर्व्हर, हिशेब करणारा म्हणजे पीएचपी ही भाषा आणि वही म्हणजे मारियाडीबी हा डेटाबेस. मायएसक्यूएल या १९९५ पासूनच्या डेटाबेसचा मूळ कर्ता मायकेल विडेनियस याने २००९ मध्ये त्यातूनच मारियाडीबी वेगळा काढला. वर्डप्रेसला दोन्ही चालतात.

हे चार थर वेगळे ओळखता आले की बिघाड शोधणे सोपे जाते. पान उघडतच नाही, तर अपाची पाहा. पांढरा कोरा पडदा दिसतो, तर पीएचपीची त्रुटी-नोंद पाहा. डेटाबेसशी संपर्क नाही म्हणतो, तर मारियाडीबी चालू आहे का ते पाहा. फोटो चढत नाही, तर लिनक्समधले फाइलींचे अधिकार किंवा पीएचपीची मर्यादा पाहा. पीएचपी मुळात दोन मेगाबाइटपर्यंतचीच फाइल घेते. वनहक्क दाव्याचा स्कॅन केलेला नकाशा त्याहून सहज मोठा असतो, तेव्हा ही मर्यादा आधीच वाढवून ठेवावी.

उभारणीचा क्रम

पहिले पाऊल सर्व्हरला कुलूप घालण्याचे. नवा सर्व्हर मिळाला की मुख्य वापरकर्ता ‘रूट’ म्हणून रोज काम करू नये. वेगळा वापरकर्ता काढून त्याला गरजेपुरते ‘सुडो’चे अधिकार द्यावेत. एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हरवर काम करण्याच्या सुरक्षित वाटेने, आत यायला पासवर्डऐवजी किल्लीची जोडी वापरावी आणि किल्लीने आत येता येते हे दुसऱ्या खिडकीत तपासून झाल्यावरच पासवर्डचा दरवाजा बंद करावा. आधी बंद केला तर आपणच बाहेर राहतो. मग फायरवॉलमध्ये तीनच वाटा मोकळ्या ठेवाव्यात: एसएसएचसाठी २२, साध्या वेबसाठी ८० आणि सुरक्षित वेबसाठी ४४३. डेटाबेसची वाट बाहेरून बंदच राहू द्यावी, कारण त्याच्याशी बोलायचे काम त्याच यंत्रातल्या पीएचपीचे आहे.

दुसरे पाऊल पत्त्याचे. ‘डॉट इन’चे नाव घेता येते, तसेच २०१४ पासून मराठीसह देवनागरी लिपीतल्या भाषांसाठी ‘डॉट भारत’ हे नावही मिळते. देवनागरी पत्ता माणसाला देवनागरीतच दिसतो, पण नावे शोधून देणाऱ्या यंत्रणेत तो ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन रूपात बदलून जातो. अपाचीच्या मांडणीत हे रोमन रूप लिहावे लागते. नाव घेतले की ते आपल्या सर्व्हरच्या क्रमांकाकडे वळवायचे. ही माहिती सगळीकडे पोहोचायला काही तास लागू शकतात.

तिसरे पाऊल थर चढवण्याचे. उबुंटूत ‘ॲप्ट’ या व्यवस्थापकाला सांगितले की अपाची, मारियाडीबी, पीएचपी आणि पीएचपीची लागणारी जोडपत्रे उतरून चढतात. डेटाबेसची प्राथमिक सुरक्षा-आज्ञा चालवून निनावी वापरकर्ते काढून टाकावेत. मग वर्डप्रेससाठी वेगळा डेटाबेस काढावा आणि वेगळा वापरकर्ता. त्या वापरकर्त्याला फक्त त्याच डेटाबेसवर अधिकार द्यावेत. एका सर्व्हरवर पुढे दोन गावांची संकेतस्थळे आली तर एकाचे छिद्र दुसऱ्याला भोवत नाही.

चौथे पाऊल प्रमाणपत्राचे. वाचक आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर कुणाला मधेच बदलता येऊ नये म्हणून एचटीटीपीएस लागते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या लेट्स एन्क्रिप्टमुळे हे प्रमाणपत्र फुकट मिळते. ते ९० दिवसांचे असते आणि ‘सर्टबॉट’ हा कार्यक्रम त्याचे नूतनीकरण आपोआप करतो. लिलावाच्या सूचनेला याचे महत्त्व आहे: वाचकाला मिळालेला मजकूर ग्रामसभेच्या सर्व्हरवरून निघालेलाच आहे याची ती हमी असते.

पाचवे पाऊल वर्डप्रेसचे. अधिकृत ठिकाणाहून मराठी आवृत्ती उतरवावी, संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये उलगडावी आणि मालकी अपाचीच्या वापरकर्त्याकडे द्यावी. फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४ असे अधिकार पुरतात. डेटाबेसचा पासवर्ड ज्या मांडणी-फाइलीत असतो तिचे अधिकार याहून आवळावेत. काही अडले की ‘७७७ करून टाका’ असा सल्ला ऐकायला येतो. त्याचा अर्थ यंत्रातल्या कुठल्याही कार्यक्रमाला त्या फाइली बदलायची मुभा. अडचण तात्पुरती सुटते, धोका कायमचा येतो.

इथे एका ठिकाणी घाई आवश्यक आहे. प्रमाणपत्र मिळते त्या क्षणी आपले नाव जगभरच्या खुल्या प्रमाणपत्र-नोंदींत उमटते. त्या नोंदींवर डोळा ठेवून बसलेले स्वयंचलित कार्यक्रम अर्धवट उभारलेली वर्डप्रेस शोधतात, आणि उभारणीचा शेवटचा पडदा आपल्याआधी भरून ताबा घेतात. म्हणून फाइली ठेवल्या की तो पडदा लगेच भरून टाकावा, किंवा तोवर त्या फोल्डरला पासवर्ड लावून ठेवावा. प्रशासकाचे नाव ‘ॲडमिन’ ठेवू नये.

शेवटी, मुखपृष्ठ दिसते पण आतली पाने ‘सापडली नाहीत’ म्हणतात, ही नेहमीची तक्रार. उबुंटूवरच्या अपाचीत पत्ते नव्याने लिहिणारा भाग मुळात बंद असतो आणि फोल्डरातल्या नियमांकडे तो दुर्लक्ष करतो. दोन्ही चालू केले की पाने सापडतात.

आपल्या अक्षरांचा प्रश्न

डेटाबेस काढताना अक्षरसंच ‘यूटीएफ८एमबी४’ निवडणे या भागात अत्यावश्यक आहे. युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ नेमका तीन बाइटपर्यंतच चालतो. मराठीचे काम त्यात भागते, म्हणून कमतरता लक्षात येत नाही. पण गडचिरोली-चंद्रपुरात गोंडी बोलणारा समाज मोठा आहे, आणि गोंडीच्या स्वतःच्या लिप्या आता युनिकोडमध्ये आल्या आहेत. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली मसराम गोंडी २०१७ मध्ये आली. चंद्रपूरच्या सीमेला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतून पुढे आलेली गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये आली. या दोन्ही लिप्यांचे प्रत्येक चिन्ह चार बाइट घेते. जुन्या अक्षरसंचात ते बसत नाही: मजकूर त्या अक्षरापाशी तुटतो किंवा नोंद साठवलीच जात नाही. डेटाबेस काढताना एक शब्द बरोबर लिहिला की गावाच्या भाषेला तिच्या लिपीसकट जागा मिळते. आज गोंडी आणि माडिया या बोली बहुधा देवनागरीत लिहिल्या जात असल्या तरी उद्या शाळेतली मुले दुसरी लिपी वापरू लागली तर सर्व्हर आडवा यायला नको.

दुसरा प्रश्न पानांच्या पत्त्यांचा. वर्डप्रेस मथळ्यावरून पानाचा पत्ता बनवते आणि त्यासाठी २०० रोमन अक्षरांची जागा देते. देवनागरीचे एक चिन्ह पत्त्यात जाताना टक्केचिन्हांसह नऊ अक्षरांचे होते, त्यामुळे मात्रा, अनुस्वार, हलन्त धरून साधारण बावीस चिन्हांतच जागा संपते. ‘तेंदूपत्ता लिलावाची जाहीर सूचना’ हा मथळा घेतला तर पत्ता ‘जाहीर’ शब्दाच्या मध्येच तुटतो. असा पत्ता फोनवर पाठवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि लोक तिला हात लावायला कचरतात. उपाय सोपा आहे: पान प्रकाशित करण्याआधी पत्ता हाताने छोटा करावा, किंवा पत्त्यांची मांडणी क्रमांकावर ठेवावी. नंतर मांडणी बदलली तर जुने दुवे तुटण्याची भीती असते, म्हणून हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा.

तिसरा प्रश्न टंकांचा. तालुक्याच्या ठिकाणी अर्ज टाइप करून देणारे अनेक जण अजूनही कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत काम करतात. तो मजकूर कागदावर देवनागरी दिसतो, पण आत रोमन चिन्हेच असतात. तो वर्डप्रेसमध्ये चिकटवला की निरर्थक अक्षरे उमटतात. अडचण टाळण्यासाठी मग कागदाचा फोटो चढवला जातो. पण फोटोतला मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही, अंध वाचकाच्या फोनला उच्चारता येत नाही, आणि मंद नेटवर्कवर तो उतरायला वेळ लागतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, एकदा डोळ्यांखालून घालावा, आणि सही-शिक्क्याचा कागद जोडपत्र म्हणून खाली ठेवावा.

घड्याळ आणि कमी वर्दळ

सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर असते. आपण साडेपाच तास पुढे. सेटिंगमध्ये कोलकाता हा वेळविभाग निवडला नाही तर सकाळी दहासाठी ठरवलेली सूचना दुपारी साडेतीनला दिसेल. निविदा उघडण्याच्या दिवशी यावरून वाद होऊ शकतो.

त्यातच आणखी एक बारकावा आहे. वर्डप्रेसची ठरलेल्या वेळी करायची कामे कुणीतरी संकेतस्थळ उघडल्यावरच चालतात. शहरातल्या वर्दळीच्या संकेतस्थळावर हे जाणवत नाही. गावाच्या संकेतस्थळावर पहाटेपासून कुणी आलेच नाही, तर सहासाठी ठरवलेली सूचना पहिला वाचक येईपर्यंत पडून राहते. म्हणून हे काम लिनक्सच्या ‘क्रॉन’कडे द्यावे. तो दर पाच मिनिटांनी वर्डप्रेसला जागे करतो आणि सूचना वेळेवर लागते.

वाचकांचा विचार करताना साधा फोन आणि डळमळीत नेटवर्क डोळ्यांपुढे ठेवावे. थीम हलकी घ्यावी, फोटो लहान करून चढवावेत, हलत्या चित्रपट्ट्या टाळाव्यात, आणि तयार पान साठवून ठेवणारे कॅशिंगचे एखादे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचा छोटा कार्यक्रम, बसवावे. प्लगइन जितकी कमी, तितकी देखभाल सोपी.

नेटवर्कच नसलेल्या गावासाठी जुन्या लॅपटॉपवर डेबियन चढवून त्यावर संकेतस्थळाची प्रत ठेवता येते आणि तो समाजमंदिरातल्या वाय-फाय राउटरला जोडता येतो. इंटरनेट नसले तरी आवारात बसलेल्यांना फोनवर ठराव आणि सूचना वाचता येतात. फक्त वर्डप्रेस स्वतःचा पूर्ण पत्ता डेटाबेसमध्ये लिहून ठेवते, म्हणून नुसती नक्कल केली तर ती वाचकाला मूळ पत्त्याकडे धाडते. डब्ल्यूपी-सीएलआय या साधनाच्या ‘शोधा आणि बदला’ आज्ञेने पत्ता बदलावा. डेटाबेसची फाइल साध्या संपादकात उघडून बदल करू नये. वर्डप्रेस काही मजकूर त्याच्या लांबीच्या आकड्यासह साठवते, आणि तो आकडा जुळला नाही तर सेटिंग वाचता येत नाहीत.

कुणी लिहायचे, कुणी प्रकाशित करायचे

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. असे हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. गावाने निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घ्यायची पद्धत पाळली, आणि निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी अभ्यास गट चालवले. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. निर्णय कोण घेतो आणि तो कसा नोंदवला जातो, याची शिस्त या भागात रुजलेली आहे. संकेतस्थळाने तिच्याशी जुळवून घ्यावे.

वर्डप्रेसमध्ये एका संकेतस्थळावर पाच भूमिका असतात: प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता आणि सदस्य. योगदानकर्ता मसुदा लिहू शकतो, पण प्रकाशित करू शकत नाही. लेखक स्वतःचे लिखाण प्रकाशित करू शकतो. संपादक सर्वांचे लिखाण तपासून प्रकाशित करतो. प्रशासक यंत्रणाच बदलू शकतो. गावातल्या चार-पाच तरुण-तरुणींना योगदानकर्ते करावे. ग्रामसभेने ठरावाने नेमलेल्या दोघांना संपादक करावे. प्रशासकाचे खाते रोजच्या लिखाणासाठी वापरूच नये. प्रत्येक माणसाचे खाते वेगळे असावे. एकच पासवर्ड पाच जणांत फिरला की कुणी काय बदलले ते शोधता येत नाही. वर्डप्रेस प्रत्येक नोंदीच्या जुन्या आवृत्त्या ठेवते, म्हणजे अट कोणत्या दिवशी कुणी बदलली ते उघडून पाहता येते. सूचनेखाली ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहिली की संकेतस्थळ आणि ठरावबुक एकमेकांना पुष्टी देतात.

काय चढवू नये

खुले संकेतस्थळ म्हणजे सगळेच खुले करणे नव्हे. तेंदूच्या मजुरीची यादी लावताना बँक खाते आणि आधार क्रमांक काढून टाकावेत. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे, आणि कायद्याच्या आधी ही आपल्याच माणसांच्या पैशांची सुरक्षितता आहे. लोक जैवविविधता नोंदवहीतली दुर्मीळ औषधी वनस्पतींची ठिकाणे बाहेर देऊ नयेत.

फोटोंबाबत विशेष सावधगिरी हवी. फोनने काढलेल्या फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. वर्डप्रेस फोटोच्या लहान प्रती करते, पण मूळ फाइल सर्व्हरवर तशीच राहते आणि कुणालाही उतरवता येते. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या भोवतालच्या गावाने शिवारात दिसलेल्या वाघाचा किंवा पिलांचा फोटो असा चढवला तर शिकाऱ्याला नेमकी जागा कळते. चढवण्याआधी फोटोतली स्थान-माहिती काढून टाकणे हा संपादकासाठी न मोडणारा नियम करावा.

देखभाल हीच खरी उभारणी

वर्डप्रेस लोकप्रिय आहे म्हणूनच त्यावर हल्लेही फार होतात. बहुतेक घुसखोऱ्या जुन्या, दुरुस्ती न केलेल्या प्लगइनमधून किंवा सोप्या पासवर्डमधून होतात. २०१३ पासून वर्डप्रेस किरकोळ सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसवते. लिनक्सच्या दुरुस्त्याही आपोआप बसतील अशी सोय करावी, लॉगिनला दुहेरी पडताळणी लावावी, आणि न वापरलेली प्लगइन व थीम काढून टाकाव्यात.

राखीव प्रतीत तीन गोष्टी हव्यात: डेटाबेसची पूर्ण नक्कल, फोटो-थीम-प्लगइनांचा फोल्डर आणि मांडणी-फाइल. ही प्रत त्याच सर्व्हरवर ठेवली तर सर्व्हरबरोबर तीही जाते. एक प्रत दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रावर आणि एक ग्रामसभेच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर असावी. आणि प्रत नुसती ठेवून भागत नाही, वर्षातून एकदा तरी कोऱ्या यंत्रावर तिच्यातून संकेतस्थळ पुन्हा उभे करून पाहावे. ही तालीम केली की देखभाल करणाऱ्या नव्या माणसाचे शिक्षणही होते.

बरीच छोटी संकेतस्थळे मात्र हल्ल्याने मरत नाहीत. ती मरतात विसरण्याने. नाव एखाद्या उत्साही तरुणाच्या खाजगी ईमेलवर नोंदवलेले असते, तो नोकरीसाठी नागपूर-पुण्याला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या खात्यात पडून राहते, आणि मुदत संपलेले नाव भलत्याच जाहिरातदाराच्या हाती जाते. मग ग्रामसभेच्या जुन्या पत्रांवर छापलेला पत्ता जुगाराच्या पानाकडे नेतो. म्हणून नाव आणि सर्व्हरचे खाते ग्रामसभेच्या किंवा महाग्रामसभेच्या स्वतःच्या ईमेलवर घ्यावे, पैसे ग्रामसभेच्या खात्यातून भरावेत, नाव शक्य तितक्या जास्त वर्षांसाठी घ्यावे, आणि नूतनीकरणाची तारीख ठरावबुकात लिहावी. पासवर्ड आणि किल्ल्या मोहरबंद पाकिटात, कुणाच्या ताब्यात आहेत याच्या नोंदीसह ठेवाव्यात. जबाबदार माणूस बदलला की त्याच सभेत पासवर्डही बदलावेत.

प्रत्येक गावाने वेगळा सर्व्हर घ्यायलाच हवा असेही नाही. वर्डप्रेसला एकाच उभारणीतून अनेक संकेतस्थळे चालवता येतात. तालुक्याच्या महाग्रामसभेने एक सर्व्हर सांभाळावा, त्यावर प्रत्येक गावाला आपले पान आणि आपले संपादक असावेत. खर्च वाटला जातो, आणि यंत्राची जाण असलेले दोन-तीनच जण असले तरी सगळ्या गावांचे काम होते. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेतल्या महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना यापेक्षा उपयोगी प्रकल्प मिळणे कठीण. मात्र तो गुण मिळाल्यावर सोडून द्यायचा नसावा. पुढच्या वर्षीच्या तुकडीने आधीच्या तुकडीकडून सर्व्हर ताब्यात घ्यावा, लेखी सूचनांसह, राखीव प्रतीतून उभा करून दाखवून.

वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ)ने गावाला सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. ज्या गावांनी त्या हक्काचा उपयोग करून घेतला, त्यांनी दावा मंजूर झाल्यावर काम थांबवले नाही: समिती नेमली, नियम केले, हिशेब ठेवला, दरवर्षी तो सभेपुढे मांडला. गावाविषयीच्या माहितीलाही हीच रीत लावायला हवी. तेंदूचा भाव, बांबूचा हिशेब, ठराव, नकाशे ही ग्रामसभेची संपत्ती आहे. ती परक्या कंपनीच्या ॲपवर किंवा एखाद्याच्या फोनमध्ये विखुरलेली ठेवणे परवडणारे नाही. सर्व्हर घेण्याआधी ग्रामसभेत विषय मांडा, संपादकांची नावे ठरवा, नाव कुणाच्या नावे घ्यायचे आणि पैसे कुठून भरायचे याचा ठराव करा. तो ठराव झाला की उभारणीला एखादा दिवस पुरतो, आणि उभे राहिलेले संकेतस्थळ गावाच्या हातात राहते.